शर्ट आत की बाहेर

…चामड्यावरचं पितळी बटण अंगठ्याखाली टक् करून बसतं आणि उघडताना त्याहून लहान आवाज करतं. रॉइसने ते आतापर्यंत सहा-सात वेळा लावलं होतं, उघडलं होतं, आणि दर वेळी त्याला वाटत होतं की हा एवढासा आवाज शेडच्या पत्र्यातून, अंगणातून, स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून थेट ग्लेंडाच्या कानापर्यंत जातोय. तिकडून बिस्किटं भाजल्याचा वास येत होता. रविवार. साडेआठ. साडेनऊला चर्चच्या दारात उभं राहायचं. पहिला पहारा त्याचा.

बाकावर दोन होल्स्टर होती, पिस्तूल ठेवायची चामडी म्यानं, दोन्ही बक हॉलिसची. एक हे जाड, तपकिरी, पट्ट्याला बाहेरून अडकवायचं. रस्त्यापलीकडूनही दिसेल असं. दुसरं पातळ, विजारीच्या आत खुपसायचं. वरून शर्ट सोडला की कुणाला काही कळत नाही. "दोन्ही घालून बघ," बक म्हणाला होता, "बूट घेताना बघतो तसं. आणि हा गोळ्यांचा डबा, माझ्यातर्फे. लाजू नकोस लेका, देवाच्याच कामाला आहे."

बाहेरचं घालायचं तर शर्ट आत खोचायचा. आतलं घालायचं तर शर्ट बाहेर. एवढंच. सगळा प्रश्न शर्टाचा… असं त्याने स्वतःला बुधवारपासून सांगितलं होतं, आणि शर्टाचा प्रश्न चार दिवस सुटत नाही हेही त्याला कळत होतं.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नेहमीचं एकत्र जेवण होतं. शंभर मैलांवरच्या एका चर्चमध्ये गोळीबार झाल्याला तेव्हा दहा दिवस झाले होते, चार माणसं गेली होती, आणि या दहा दिवसांत गव्हाच्या कापणीबद्दलसुद्धा कुणी धड बोललं नव्हतं. पास्टर व्हिटली — पस्तिशीही न गाठलेला, कपाळावर घाम — उभा राहून म्हणाला की दारावर आळीपाळीने पाच जण ठेवू. "आपल्या ओक्लाहोमात कायद्याने दोन्हीला मुभा आहे. उघडं ठेवायचं की झाकून, ते ज्याचं त्याने ठरवावं."

"ठरवायचं काय त्यात?" मिस ओपल काठी आपटून म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षं, पण आवाज सगळ्या हॉलभर. "मला दिसलं पाहिजे. दिसलं तरच मी डोळे मिटेन. नाहीतर प्रार्थना कसली, मी मेली दाराकडेच बघत बसायची."

"आणि मला ते दिसलं, तर दुसरं काहीच दिसणार नाही," पास्टरची बायको म्हणाली.

लोक हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा हसले. मग पास्टरने नावं वाचली, बक, आणखी तिघे… "आणि ब्रदर रॉइस." तेव्हा हसू जिथल्या तिथे थांबलं. काटे ताटल्यांवर थांबले. रॉइसने मका उचलला होता, तो तसाच धरून राहिला. सगळे त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, आणि पन्नास माणसं एकाच वेळी एखाद्याकडे बघत नाहीत तेव्हा कसं वाटतं ते त्याला अकरा महिन्यांत पाठ झालं होतं. "पोरांना शिकारीचं प्रशिक्षण बावीस वर्षं कुणी दिलं?" बक घाईने म्हणाला. "गावातल्या निम्म्या लोकांना बंदूक कशी धरायची ते यानेच शिकवलंय."

खरंच होतं. चाप ओढायची वेळ येईपर्यंत बोट बाहेर ठेव. नळी कुणाकडे रोखू नकोस. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समज. बावीस वर्षं, शाळेच्या जिममध्ये, दर सप्टेंबरला. पहिल्या रांगेत बसून टॅनरनेही ऐकलं होतं, परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते… माझा मुलगा. सव्विसाव्या वर्षी, मागच्या जुलैमध्ये, दुपारी, त्याच्याच खोलीत. बापाच्याच पिस्तुलाने.

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. कारणाचं नाव टॅनर होतं. आणि ते नाव त्या हॉलमध्ये, मक्याच्या वासात, सगळ्यांसमोर उच्चारण्यापेक्षा "बरं" म्हणणं सोपं होतं. तो बरं म्हणाला.

परत येताना पिकअपमध्ये ग्लेंडाने विचारलं होतं, "नेणार कोणतं? आपल्याकडे तर आता काहीच नाही."

"बक देतोय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुसरं खोटं पहिल्याइतकं जड जात नाही, एवढंच त्याला तेव्हा कळलं.

पहिलं सप्टेंबरमधलं. चौकशी संपली, शेरिफच्या माणसाने सही घेऊन पिस्तूल परत दिलं — रिकामं, पुसलेलं, खाकी कागदी पिशवीत, किराणा द्यावा तसं. रायफली रॉइसने आधीच विकून टाकल्या होत्या. ग्लेंडाने पिशवीला हात लावला नाही. "तळ्यात टाक," ती म्हणाली. "आत्ता." तो गेला. धरणाच्या भिंतीवर अर्धा तास उभा राहिला, वारा सुटला होता, पाणी तपकिरी, खाली एकजण मासे धरत होता… मी टाकणारच होतो. पिशवी उघडली नसती तर टाकलंही असतं. पण उघडली, आणि ती अक्रोडाच्या लाकडाची मूठ हातात आली, खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेली — बारा वर्षांचा टॅनर ते साफ करत असताना पायरीवर पडलं होतं, केवढा रडला होता, बाबा मी भरून देईन म्हणाला होता — आणि रॉइसच्या मनात आलं की त्याच्या हाताने शेवटचं जे धरलं ते हे. मी नव्हे. त्याची आई नव्हे. हे. ते पाण्यात टाकायचं म्हणजे…

"टाकलंस?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"टाकलं."

तेव्हापासून ते शेडमध्ये होतं. आणि आता, एवढ्या सगळ्या जगात, दारावर उभं राहण्यासाठी त्याच्याकडे हेच होतं. बककडे दुसरं मागता आलं असतं. त्याने मागितलं नव्हतं. का मागितलं नाही, या विचारापाशी तो चार दिवसांत अनेकदा आला होता आणि दर वेळी बाजूने निघून गेला होता.

बाहेर लटकवलं तर चर्चमध्ये पाय टाकायच्या आत ग्लेंडा ती मूठ बघेल. तो टवका बघेल. मिस ओपलना शांतपणे डोळे मिटता येतील आणि माझी बायको… पण शेडच्या अंधारात त्याला क्षणभर अगदी तेच हवंसं वाटलं. खोचावा शर्ट. जावं स्वयंपाकघरात असंच. म्हणावं, हे बघ. मी टाकलं नाही. आत घालायचं तर ते पोटाला चिकटून राहणार, तासभर, भजनं चालू असताना, गार, मग हळूहळू अंगाइतकं गरम. कुणाला दिसणार नाही, आणि माझ्याशिवाय कुणाचं असणार नाही. उघडं धरणारा निदान सगळ्यांना सांगत असतो की माझ्यापासून जपून राहा. झाकणारा कुणाला काही सांगत नाही.

त्याने बकच्या डब्यातल्या गोळ्या भरल्या. बोटांना अजून सगळं येत होतं. मग पिस्तूल आत खुपसलं आणि शर्ट बाहेर सोडला.

न्याहारीला ग्लेंडाने पावासारखी फुगलेली गरम बिस्किटं आणि वर पांढरी ग्रेव्ही वाढली. स्वतः काही घेतलं नाही. "शर्ट," ती म्हणाली. चौतीस वर्षं दर रविवारी ती शर्ट खोच म्हणायची. आज तिने वाक्य तिथेच सोडलं आणि ताटली उचलून मोरीकडे गेली.

चर्च सात मैलांवर. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, नुसती खुंटं. चर्चच्या आवारात त्याने पिकअप बंद केली, तरी तिने सीटचा पट्टा सोडला नाही.

"रॉइस, ते डब्यात नाहीये."

"कुठल्या डब्यात?"

"कुठल्या डब्यात, म्हणे! कोंबड्यांच्या खाद्याच्या. कोंबड्या देऊन टाकून दोन वर्षं झाली, आणि तो डबा तू हलवू देत नव्हतास. मार्चमध्ये उघडला मी."

त्याने स्टिअरिंग धरून ठेवलं. "बोलली नाहीस."

"तू बोललास?" तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "रोज बघून येते. तू अंघोळीला गेलास की. आहे का जागेवर. रिकामं आहे का. रिकामं होतं तोवर म्हटलं, असू दे, त्याला हवंय तर असू दे. मग बुधवारी बकने तो गोळ्यांचा डबा आणला."

"ते दारासाठी, ग्लेंडा. चर्चच्या दारासाठी."

"आज सकाळी तू शेडमध्ये होतास. पाऊण तास. मी बिस्किटांपाशी उभी होते. आवाजाची वाट बघत."

बाहेर गाड्या येत होत्या. लहान मुलं उतरत होती, कुणाची तरी टोपी वाऱ्याने उडाली.

"मग आली का नाहीस?" हे आपण विचारलं, हे त्याला विचारून झाल्यावर ऐकू आलं.

"पाय उचलला नाही." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "टॅनरच्या वेळी धावले होते ना मी. जिना चढून धावले होते. या वेळी पाय उचललाच नाही, रॉइस."

काचेवर टकटक झाली. बक, नवी टोपी, पट्ट्याला बाहेरून अडकवलेलं त्याचं भलंमोठं पिस्तूल. "उतरा की नवरा-नवरी! आत जाऊन बसा गुलुगुलू करत!"

ग्लेंडाने पट्टा सोडला आणि उतरली. तिने पर्स काखेत घेतली, केसांवरून हात फिरवला, बकच्या बायकोची चौकशी केली… रॉइस बघत राहिला. अकरा महिने आपण जसं चालतो-बोलतो तसंच तीही करत होती. त्याला वाटत होतं ती सावरतेय.

दारात लोक येत होते, हात मिळवत होते, मिठी मारत होते. प्रत्येक मिठीत समोरचं पोट त्या कठीण वस्तूला लागायचं आणि माणूस किंचित थांबायचा, मग पाठीवर जरा जोरात थोपटायचा. "कुठंय?" मिस ओपल म्हणाल्या. "मला तर काही दिसत नाही."

"आहे, मिस ओपल."

"आहे म्हणतोस तर असेल बाबा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या दंडाला धरून पायरी चढल्या.

ग्लेंडा नेहमी दुसऱ्या बाकावर बसते. आज ती शेवटच्या बाकावर, दाराला लागून, कडेला बसली. त्याच्यापासून हातभर. पियानो सुरू झाला, सगळे उठले, तीही उठली. भजनाचं पुस्तक उघडं होतं, पान कुठलंतरी भलतंच.

त्याने रस्त्याकडे बघायचं होतं. आवाराकडे, अनोळखी गाडीकडे, उन्हाळ्यात कोट घातलेल्या माणसाकडे. तो तिच्या मानेकडे बघत होता. मार्चपासून. एप्रिल, मे, जून… तो गरम पाण्याखाली उभा असताना ही बाई रोज अंगण ओलांडून जात होती, झाकण काढत होती, परत लावत होती, आणि येऊन त्याच्यासाठी कॉफी ओतत होती. ती एक प्रश्न घेऊन जात होती आणि तोच घेऊन परत येत होती. कशासाठी ठेवलंयस? त्याच्याकडे उत्तर होतं — त्याच्या हाताने शेवटचं धरलेलं म्हणून — खरं होतं, शपथेवर सांगता आलं असतं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्याने कधी पूर्ण डोळे उघडून पाहिलं नव्हतं. ते तिने पाहिलं होतं, रोज सकाळी, एकटीने.

तसं नव्हतं गं, असं मनात म्हणून बघितलं. वाक्य उभं राहीना. तसंच होतं, असं म्हणून बघितलं. तेही खोटं वाटलं नाही, याचीच भीती वाटली. आणि त्या भीतीत, इतक्या महिन्यांनी, अंगात काहीतरी हललं. त्याला सुटल्यासारखं वाटलं नाही. झोपून सुन्न झालेल्या हातात रक्त परत यायला लागलं की हात आपला वाटत नाही, फक्त दुखतो, तसं ते होतं.

विचार, तो तिच्या पाठीला मनातल्या मनात म्हणाला. घरी गेल्यावर विचार, किंवा आत्ता, सगळ्यांसमोर. मी काय म्हणेन मला माहीत नाही. पण विचार.

लोक तिसरं कडवं म्हणत होते. ती मागे वळली नाही.