टोपी, फळी आणि मी

मी लोखंडी गोळा बोलतोय. वजन सात किलो, अंग गुळगुळीत, डोक्यात हूक. घाबरू नका, दोराला बांधलेला आहे. दरवर्षी विज्ञान महोत्सवात मला सभागृहाच्या तुळईला टांगतात आणि अख्खं गाव मला बघायला लोटतं. दुर्बिणीपुढे रांग असते, मान्य आहे. चुंबकांच्या टेबलाला पोरं चिकटलेली असतात, तेही खरं. पण किंकाळ्या येतात त्या माझ्याच कोपऱ्यातून.

माझा जन्म लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर झाला. मला घडवणारा दादा टर्नर. त्याची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवते. तिला सगळे बाई म्हणतात, दादा तेवढा ठमे म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी ती त्याच्या वर्कशॉपमध्ये आली.

"दादा, मला एक जड गोळा करून दे. नाकाला लावून सोडायचाय."

"कोणाच्या नाकाला?"

"माझ्या."

"डोकं फिरलंय का गं तुझं?"

तरी त्यानं भंगारातला जाड शाफ्टचा तुकडा शोधला आणि दोन दिवस मला कातत बसला. कातताना सारखा वाकून बघायचा, इतका जवळून की त्याचा श्वास मला लागायचा. त्याची ती खोडच. काम फिरायला लागलं की मान आपोआप पुढे.

माझा खेळ साधा आहे. मागे उभ्या केलेल्या फळीला डोकं टेकवून उभं राहायचं, मला दोन्ही हातांनी नाकापर्यंत आणायचं आणि नुसतं सोडायचं. ढकलायचं नाही. मी लांबवर जातो, परत येतो आणि नाकाच्या अलीकडे थांबतो. जिथून सुटलो त्याच्या पुढे मी जात नाही. हवा थोडा जोर खाते, म्हणून जरा अलीकडेच राहतो. नाकासमोर चालणारा गोळा आहे मी! नर्सबाई उभ्या राहिल्या, पोस्टमन उभे राहिले, दुसरीतल्या पोरी स्टुलावर चढून उभ्या राहिल्या. ऐंशीच्या एक आजी तर म्हणाल्या, "हात्तिच्या, एवढंच होय? मी उगाच चष्मा काढून ठेवला."

उभा राहिला नाही तो फक्त दादा. "मी दोर बघतो," म्हणायचा आणि कोपऱ्यात सटकायचा. दोराला काय धाड भरली होती? ज्यानं घडवलं त्याचाच आपल्यावर भरवसा नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी एका बापानं पोरांपुढे मर्दुमकी दाखवायला मला सोडण्याऐवजी चांगला दणकून ढकललं. मग मीही तसाच परत आलो. हनुवटी त्याची सुजली, नाव माझं खराब झालं. यंदा पहिल्याच सकाळी संयोजक सर बाईंना म्हणाले, "बाई, आज एकालाही लागलं तर गोळा कायमचा उतरवायचा. पुढच्या वर्षीपासून पडद्यावर चित्रफीत दाखवू."

चित्रफीत! आणि मी काय, परत भंगारात?

त्यात बाईंच्या मानेला पट्टा. दरवर्षी पहिल्यांदा त्या उभ्या राहून दाखवायच्या, ते यंदा जमणार नव्हतं. त्या दादाकडे वळल्या. "दादा, आज तू."

"मी दोर..."

"दोर मी तीनदा बघितलाय. गोळा तूच बनवलायस ना? मग?"

दादा उभा राहिला. शंभर-दीडशे माणसं बघत होती. त्यानं मला नाकाला लावलं, सोडलं. मी गेलो, वळलो, ऐटीत परत यायला लागलो, आणि बघतो तर काय! दादा वर्कशॉपमध्ये बघायचा तसाच मला निरखत होता. मान पुढे आली होती.

"दादा, डोकं!" बाई ओरडल्या.

उशीर झाला होता. टक्कन लागलोच.

"झालं समाधान?" सर म्हणाले. "उतरवा तो." बाईंचे डोळे भरून आले होते. मला तर जिवंतपणी गंज चढल्यासारखं झालं.

"थांबा सर." दादानं नाकावर रुमाल धरला होता. "गोळ्याचं काही चुकलेलं नाही. तो मापात आहे. मापाबाहेर मी गेलो. तीस वर्षं वाकून काम बघतोय, इथंही वाकलो."

गर्दीतून कोणीतरी हसलं. दादानं डोक्यावरची कामाची टोपी काढली आणि मागे धरून डोक्यानंच फळीला दाबली. "ही पडली तर मी हललो. आता गोळ्याकडे नको, सगळ्यांनी टोपीकडे बघा."

"आणि परत लागलं तर?" सरांनी विचारलं.

"तर माझ्या हातानं उतरवीन."

सुजलेल्या नाकाला त्यानं मला टेकवलं. सोडलं. मी गेलो, परत आलो. दादाचे डोळे एवढाले मोठे झाले होते, पण मान जागची हलली नाही. नाकापासून बोटभर अलीकडे मी थांबलो आणि मागे फिरलो. टोपी जागच्या जागी.

"ठमे," दादा फळीला तसाच चिकटून म्हणाला, "अगं, खरंच थांबतो की हा!"

"अकरा वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मग टोपीसाठी अशी झुंबड उडाली की रांग दारापर्यंत गेली. शेवटी सरही उभे राहिले. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, हे मी कोणाला सांगणार नाही. टोपी परत देताना बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन टोप्या ठेवा."

आता मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे, त्याच टोपीत बसवलेला. दादा येऊन तेलाचा हात फिरवून जातो. पुढच्या वर्षी तुम्हीही या, घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन या. फक्त मला ढकलू नका, आणि मी परत येताना जागचे हलू नका. पुढचं माझ्यावर सोपवा.

परवा बाईंनी दादाला विचारलं, "पुढच्या वर्षी पहिल्यांदा कोण उभं राहणार रे?" दादानं दोराचं नावही काढलं नाही.