तुम्ही काय जेवता?

संध्याकाळचे साडेसहा वाजले की बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या साळव्यांच्या स्वयंपाकघरात दोन माणसं जेवायला बसायची. गयाबाईंच्या पुढ्यात ताट असे आणि काशीनाथभाऊंच्या पुढ्यात ग्लास. ग्लासात व्हॅनिलाच्या वासाचं दाट, फिकट पिवळं काहीतरी असे. ज्या डब्यातून ती पावडर निघायची त्यावर एक सडपातळ बाई हसत उभी होती आणि एक ग्लास म्हणजे एक पूर्ण जेवण, असं तिच्या पायाशी छापलं होतं. भाऊ तो ग्लास काढ्यासारखा डोळे मिटून संपवायचे. मग डोळे उघडले की ते नेमके गयाबाईंच्या ताटात जाऊन पडायचे. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मटकीची उसळ. घास गयाबाईंच्या घशाखाली उतरेनासा झाला. शेवटी त्या सिंकपाशी उभ्यानंच काहीतरी तोंडात टाकू लागल्या आणि टेबलाशी भाऊ एकटेच उरले.

हे सगळं चाललं होतं ते आक्कासाठी, आणि आक्काला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर फलटणजवळच्या गावात याच मोठ्या बहिणीनं भाऊंना वाढवलं होतं. स्वतः चतकोर भाकरीवर राहून भावाला पाऊण भाकरी देणारी ती बाई. भाऊ विलायतेत आले, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर झाले, घर घेतलं, मुलगी शिकवली, आणि या सगळ्या धबडग्यात आक्काला भेटून चौदा वर्षं झाली. आता गावात शेजाऱ्यांकडे फोन आला होता. आक्का त्यावर ओरडून बोलायची, कारण एवढ्या लांब आवाज पोचायचा तर ओरडायलाच हवं असा तिचा हिशेब. ब्याण्णव सालच्या वसंतात ती म्हणाली होती, “काशी, माझ्या डोळ्याला दिसतंय तोवर येऊन जा रं. मला तुला बघायचंय.”

भाऊंनी ‘येतो’ म्हणून फोन ठेवला, पण लगेच निघता येणार नव्हतं. कारण दिसण्याचा प्रश्न आक्काच्या डोळ्यांचा नव्हता, त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांचा होता. मधुमेह होऊन तीन वर्षं झाली होती, साखर काही केल्या उतरत नव्हती, आणि डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसू लागले होते. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी साखर ताब्यात आणा, डोळ्यांवर लेझर करून घ्या, मग इंडियाचं बघू. आहारतज्ज्ञ बाईंचा सल्ला तर भाऊ तीन वर्षं ऐकत आले होते. पांढऱ्या पावाऐवजी ब्राऊन पाव खा, बटाटे कमी करा, चिप्स आठवड्यातून एकदाच. भाऊंनी हे सगळं शंभर टक्के पाळलं. पाळायला काहीच कठीण नव्हतं, कारण दुपारच्या सँडविचखेरीज यातलं ते काही खातच नव्हते.

आता यावर तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? सांगतो. पहिल्याच भेटीत त्या बाईंनी, मिसेस पार्करनी, अगदी साधा प्रश्न विचारला होता, “तुम्ही रोज काय जेवता?” आणि भाऊंनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं होतं, सकाळी कॉर्नफ्लेक्स, दुपारी सँडविच, रात्री बटाटे, भाज्या आणि शुक्रवारी फिश अँड चिप्स. दुपारचं सँडविच तेवढं खरं होतं. कारखान्यातल्या पहिल्या वर्षी त्यांनी डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी नेली होती. डबा उघडला तसं कँटीनमधल्या टेबलावरची माणसं नाक मुरडत उठून गेली. तेव्हापासून कुणाही गोऱ्या माणसानं विचारलं की भाऊ आपलं तेच इंग्रजी जेवण सांगायचे. सांगून सांगून ते त्यांना पाठ झालं होतं.

घरी मात्र त्यांचं जेवण दणदणीत असे. तीन भाकऱ्या, वर भाताचा डोंगर, शेवटी गुळाचा खडा आणि दिवसभरात गोडमिट्ट चहा. सल्ला पावाला मिळत होता आणि साखर वाढवत होता भात. आकडे उतरत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी काय करावं? त्यांनी गोळ्या वाढवल्या.

त्यात मुलीनं, मीनलनं, रेडिंगहून पावडरचे डबे आणले. ती तिथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. बापावर तिचा जीव, आणि जीव असलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. “बाबा, ह्याच्यात सगळी मोजलेली आहे,” ती तिच्या मराठीत म्हणाली. “कॅलरीज, प्रोटीन, व्हिटॅमिन्स. माझ्या ऑफिसमधले लोक लंचला हेच घेतात. आईचं जेवण हेवी होतं, यू नो.” डब्यावर मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते मीनलनं वाचलं नाही आणि भाऊंच्या डोळ्यांना ते दिसलं नाही. भाऊंना तर देव नव्हे पण उपाय भेटला. तिन्ही वेळा ग्लास! लवकर साखर उतरेल, लवकर डोळे सुधारतील, लवकर आक्का भेटेल. डॉक्टरांना सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आपलं जेवण त्यांच्यापासून लपवायची सवय झालेला माणूस जेवण सोडल्याचं तरी कशाला सांगेल?

काही दिवसांतच भाऊंना भाकरी स्वप्नात येऊ लागली. कारखान्यात मशीनचा आवाज चालू असताना मध्येच तव्यावरच्या पिठाचा वास यायचा आणि त्यांचे हात थांबायचे. आक्का चुलीपुढे बसून भाकरी थापायची, थापताना तिच्या बांगड्या वाजायच्या, तो आवाज त्यांना आठवायचा. पोट कळवळायचं ते भुकेनं की आठवणीनं, हे त्यांना सांगता आलं नसतं. वजन मात्र भराभर उतरत होतं आणि भाऊ खूश होते. एक दिवस त्यांनी विचार केला, एका ग्लासानं एवढं होतं तर अर्ध्यानं आणखी लवकर होईल. सकाळी अर्धाच ग्लास घेतला, दुपारचा टाळला. गोळ्या मात्र नियमानं घेतल्या.

संध्याकाळी घरी येताना बसमध्ये त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, खिडकीबाहेरची दुकानं ओळखीची वाटेनात. उतरायचा स्टॉप गेला, त्याच्या पुढचा गेला. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं हटकलं तेव्हा भाऊंची जीभ वळेना. ड्रायव्हर वैतागून म्हणाला की घरी जाऊन झोप, आज जास्त झालेली दिसते. जन्मात दारूला न शिवलेला, दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारा माणूस! त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. नशीब, मागच्या सीटवर एक जमैकन आजीबाई होती. तिच्या नवऱ्याला हाच आजार. ती पुढे आली, भाऊंचं तोंड हुंगलं आणि ड्रायव्हरवरच उखडली. पिशवीतला संत्र्याचा रस तिनं त्यांना थोडाथोडा पाजला, जरा शुद्धीवर आल्यावर बिस्किटं खायला लावली आणि घराच्या दारापर्यंत आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शैलाताई आल्या. विहारातल्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख, आणि वीस-बावीस वर्षं याच शहरातल्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून काढलेल्या. गयाबाईंनी रडत फोन केला होता. जयभीम घालून त्या बसल्या, आधी भाऊंच्या बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिली, डबा हातात घेऊन चहूबाजूंनी वाचला आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. मिसेस पार्करना दिलेलं उत्तर कळलं तेव्हा मात्र त्यांनी डबा खाली ठेवला.

“म्हणजे त्या बाईंनी ज्या माणसाला सल्ला दिला, तो या घरात राहतच नाही,” त्या म्हणाल्या. “गोळ्या मात्र त्याच्या नावानं तुम्ही खाल्ल्या, भाऊ.”

भाऊ म्हणाले की चूक पावडरची आहे, उद्यापासून बंद. शैलाताईंनी मान हलवली. पावडर विष नव्हे, त्यांनी समजावलं, काही पेशंटना डॉक्टर स्वतःच देतात, पण मग गोळ्या कमी करतात आणि लक्ष ठेवतात. तुम्ही गोळ्या घेतल्यात भरलेल्या ताटाच्या आणि पोटात घातलात अर्धा ग्लास. आणि समजा पावडरनं साखर उतरली, तर जन्मभर ग्लासच पिणार का? ज्या दिवशी पुन्हा ताटावर बसाल त्या दिवशी तीन भाकऱ्या आणि भाताचा डोंगर तिथंच असेल. ताटात काय वाढायचं आणि किती, हे शिकल्याशिवाय सुटका नाही. ते शिकायचं तर आधी ताट दाखवावं लागेल.

“मला नाही जमायचं,” भाऊ हळूच म्हणाले. “ते लोक नाक मुरडतात.”

शैलाताईंनी आपली खुर्ची भाऊंजवळ ओढली. त्याही भाऊंच्याच तालुक्यातल्या. गावच्या शाळेत भाऊंना जेवताना वर्गाच्या दाराबाहेर बसायला लागायचं, हे त्यांना सांगावं लागलं नव्हतं.

“भाऊ, शाळेत तुम्हाला बाहेर बसवलं, ती लाज बसवणाऱ्यांची होती. हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं, आणि ते तुम्हीच विहारात पोरांना सांगता. कँटीनमधली माणसं उठून गेली, तीही लाज त्यांचीच. पण मिसेस पार्करनी तुम्हाला कुठं बाहेर काढलं होतं? तिनं तर विचारलं होतं. तिथं तुम्ही आपणहून उठलात आणि दाराबाहेर जाऊन बसलात.”

भाऊंनी मान खाली घातली. तेवढ्यात गयाबाई, ज्या इतका वेळ दाराशी उभ्या होत्या, म्हणाल्या, “लग्न करून आले त्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं होतं, आपल्या घरात बाई मागनं जेवणार नाही, दोघं संगं बसायचं. आता मी सिंकपाशी जेवते.”  भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते कुणापासून लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

शैलाताईंनी सोमवारीच दवाखान्यात फोन करून तातडीची वेळ मिळवली. तिघंही गेले. गयाबाईंनी बरोबर डबा नेला होता. त्यात रोज वाढतात तसंच सगळं: भाकऱ्या, भाजी, उसळ, भात, गूळसुद्धा. मिसेस पार्करच्या टेबलावर तो भाऊंनी स्वतःच्या हातानं उघडला.

“मी तुमच्याशी खोटं बोललो,” भाऊ इंग्रजीत म्हणाले. “मी हे जेवतो.”

मिसेस पार्करनी नाक मुरडलं नाही. त्यांनी भाकरी हातात घेऊन पाहिली, तुकडा मोडून खाल्ला, ज्वारी म्हणजे काय ते विचारलं, आणि प्रत्येक पदार्थ कसा आणि किती करता हे गयाबाईंना शैलाताईंकरवी विचारून घेतलं. मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या की चूक माझीही आहे, तीन वर्षांत तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं हे मी एकदाही विचारलं नाही. भाकरी सोडायची गरज नव्हती. मटकी, डाळ, मेथी, हे सगळं त्यांना फार आवडलं. भाकरी तीनवरून एकावर, भाताचा डोंगर जाऊन वाटीभर, गूळ आणि चहातली साखर बंद, भाजी हवी तेवढी, आणि गोळीनंतर जेवण चुकवायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्याही त्या मानानं बदलल्या.

जादूबिदू काही झाली नाही. पहिले काही दिवस भाऊ एका भाकरीनंतर रिकाम्या ताटाकडे बघत बसायचे. पण समोर गयाबाई बसलेल्या असायच्या, घास सावकाश चावायला सांगायच्या, आणि ज्या माणसानं ग्लासावर दिवस काढले त्याला एक भाकरी म्हणजे थोडी नव्हती. मीनल रविवारी आली की आईजवळ उभी राहून भाकरी थापायला शिकू लागली. ती कधी गोल झाली नाही. उन्हाळा संपेपर्यंत साखर हळूहळू खाली आली, डोळ्यांवर लेझर झालं, आणि पानगळीच्या सुमारास डॉक्टरांनी जायला हरकत नाही असं सांगितलं.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यातले कितीजण असे दवाखान्यात जाऊन परक्याचं ताट सांगून येतात! डॉक्टरला आपलं खरं जेवण सांगा. त्याला ते ठाऊक नसेल तर दाखवा. डब्यातली पावडर असो की शेजाऱ्यानं सुचवलेलं काहीही, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आपल्या ताज्या अन्नात बरं होण्याचं बळ आहे, पण ते मापात वाढायला हवं आणि मान वर करून खायला हवं. ज्या अन्नावर आपण वाढलो त्याची लाज धरून कुणाला आरोग्य मिळालेलं नाही.

तिकीट काढलं त्या दिवशी भाऊंनी गावी फोन लावला. आक्का ओरडून बोलत होती. काय काय करणार ते तिनं सांगायला घेतलं, पुरणपोळ्या, भाताची खीर, गुळाचे लाडू, बाजरीच्या भाकऱ्यांची चवड. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. 

“आक्का, एक भाकर कर,” ते म्हणाले. “आणि पालेभाजी.”

पलीकडचं ओरडणं थांबलं. मग आक्का पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, “एवढ्या लांबनं येणार, चौदा वर्सांनी, आन् एकच?”

“एकच, आक्का. म्हंजे पुढल्या वर्षी पुन्हा खायला येता येईल.”