बिननावाचा निरोप

तपासणीत जंतू सापडला तेव्हा एमलिनने दवाखान्यातल्या बाईंना ज्यांच्याशी संबंध आला होता त्या सहा जणांचे नंबर दिले आणि सगळ्यांना निरोप बिननावाचाच पाठवा म्हणाला. इंग्लंडातल्या या ब्रायटन शहरातले पुरुष ही सोय सर्रास वापरतात. लाज राखायला ती बरी. बाईंनी मात्र बजावलं, "हा जुलाबाचा जंतू संबंधांतून पसरतोय आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. कुणाची तब्येत आधीच नाजूक असेल, तर त्याला स्वतः सांगा."

तसा एकच होता, डेन्झिल. अकरा वर्षांचा दोस्त, अधूनमधून दोस्ताहून जास्त, आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या परक्या किडनीवर जगणारा. सोमवारी त्याचं पोट बिघडलं, तेव्हा एमलिनने आपल्या कपाटातल्या गोळ्या मोठ्या प्रेमाने नेऊन दिल्या होत्या. संबंधानंतर खबरदारी म्हणून घ्यायच्या या गोळ्या त्यांच्या कंपूत प्रत्येकाच्या घरी असतात, आणि त्या कशावरही चालतात असा सगळ्यांचा समज.

गुरुवारी दुपारी तो डेन्झिलकडे पोचला. डेन्झिल सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडला होता. ओठ सुकले होते.

"ही गंमत बघ," त्याने मोबाइल पुढे केला. "ताबडतोब तपासून घ्या म्हणे. कुणीतरी खोडी काढलीय."

"खोडी कशावरून?"

"महिनाभरात तुझ्याशिवाय होतं कोण? आणि तू असतास तर तोंडावर सांगितलं असतंस, गाढवा." तो हसला आणि कळ येऊन वाकला. "असू दे. तुझ्या गोळ्या चालू आहेत."

"रक्त पडतंय?"

"कालपासून. आता आजीबाईसारखा चौकशा करू नकोस, चहा टाक."

एमलिन स्वयंपाकघरात गेला. किटली उकळून बंद झाली तरी तो तिथेच उभा होता. सांगितलं तर अकरा वर्षं जातील. नाही सांगितलं तर किडनी जाईल, कदाचित माणूसही. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने वेळ काढला. भेकड होता तो.

चहा न घेताच तो बाहेर आला. "निरोप माझाच होता. नाव घालायची लाज वाटली. त्या गोळ्यांचा यावर काही उपयोग नाही, डेन्झिल."

 डेन्झिलने उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं. एकच गोळी उरली होती.

"तुझ्या भरवशावर तीन दिवस घरी बसलो," तो म्हणाला.

"हो."

"टॅक्सी बोलाव. आणि हॉस्पिटलात डॉक्टरांना सगळं तू सांगायचंस. माझ्यासमोर, स्वतःचं नाव घेऊन."