दहा दिवस आधीचा नाताळ

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी साचा आहे. चिमट्यासारखे दोन लांब दांडे, टोकाला दोन गोल ताटल्या, एकीवर कोरलेलं कोकरू. ताटल्यांत पातळ पीठ ओतून विस्तवावर धरलं, की प्रार्थनेची कागदासारखी भाकरी होते. मला चालवायला दोघं लागतात. एक धरणारा, एक ओतणारा.

मी मठात आलो तेव्हा तिथे अकरा सिस्टर होत्या. मठ पोपला मानणारा कॅथलिक, भोवतालचं गाव मात्र पोपला न मानणारं, अख्खं लुथरपंथी. मठाने घंटा वाजवायची नाही आणि गावाने मठाची पायरी चढायची नाही, असा करार होता. भाकरी मात्र दोन्हीकडे माझीच! भिंतीत एक फिरती लाकडी पेटी होती. सिस्टर आतून भाकरी ठेवत, पेटी फिरवत, आणि गावच्या चर्चचा सेवेकरी हेनिंग बाहेरून ती उचलून घेई. वर्षाची भाकरी तो नाताळला एकदाच नेई, आणि बदल्यात वर्षभर पेटीत अंडी आणून ठेवी.

मठाचं पंचांग पोपने सुधारलेलं, नवं; गावाचं जुनं. त्यामुळे गावाचा नाताळ दहा दिवस मागून येई.

"काय सिस्टरबाई, तुमचं बाळ यंदाही घाईने जन्मलं?" हेनिंग डिवचायचा.

"तुमचंच आळशी रे!" आतून सिस्टर अपोलोनिया म्हणायची.

एकेक सिस्टर गेली. शेवटी अपोलोनिया एकटी उरली. हात थरथरणारे, आणि बोलायला फक्त ती पेटी. सांजेची प्रार्थना समोरासमोर बसून आळीपाळीने म्हणायची असते; ती दोन्ही बाजूंच्या ओळी स्वतःच म्हणायची. ते ऐकून माझं लोखंडही गार पडायचं.

त्या वर्षी अंडी ठेवताना हेनिंग म्हणाला, "आमच्या राजाने पंचांगातले दिवस गिळले. आता तुमचा-आमचा नाताळ एकच."

"तू आणि तुझ्या थापा!" ती हसली आणि विसरून गेली.

नाताळच्या आदल्या दुपारी पेटी खडखडली.

"सिस्टरबाई, भाकरी?"

"अरे, तुला दहा दिवस अवकाश आहे!"

"खरंच सांगितलं होतं हो मी! नवे पाद्रीसाहेब म्हणतात, आज नाही मिळाली तर यापुढे शहरातूनच मागवू."

अपोलोनियाने पेटीवर हात ठेवला. शहरातून भाकरी आली, तर पेटी कोण वाजवणार?

"एकटीला साचा पेलत नाही रे मला, दिवसाला चार भाकऱ्या होतात कशाबशा," ती म्हणाली.

"दांडे लांब आहेत ना? द्या इकडे."

तिने शेगडी पेटीपाशी ओढली, पेटी अर्धी फिरवली आणि फटीतून माझे दांडे बाहेर काढले. ती आत पीठ ओतायची, तो बाहेर बर्फात उभा राहून मला धरायचा.

"मिट! अरे, हळू! जाळशील कोकराला!"

"इतकी वर्षं खातोय, धरायला आजच बोलावलंत!"

अंधार पडेस्तोवर टोपली भरली. करारही मोडला नाही. त्या दिवसाइतका मी कधी सुखावलो नाही.

सकाळी गावची घंटा वाजली. जन्मभर अपोलोनियाचा नाताळ घंटेवाचून मुका होता. ती गाताना थांबली, रडली, मग पुन्हा दोन्ही बाजू गाऊ लागली.

वसंतात ती गेली. आता दूरच्या मठातून आलेल्या तीन सिस्टर इथे राहतात. भाकरी शहरातून येते. मी खिळ्यावर गंजतो आहे.

मित्रांनो, मला घासून तेल लावाल तर उपकार होतील. पण उचलण्याआधी तेवढी पेटी फिरवून विचारा, पलीकडे धरायला कुणी आहे का?