आषाढातलं लग्न

कॉलेजात गेलं की माणसाला तोंड फुटतं. अक्कल मागाहून येते, कुणाकुणाची तर वाटेतच राहते. सोपानचं तोंड चांगलंच फुटलं होतं. पुण्याच्या वसतिगृहात कसलाही वाद निघो, निकाल सोपानच देणार. म्हणून तर गौरी-गणपतीच्या सुट्टीत महिपती त्याच्याबरोबर त्याच्या गावी, मावळातल्या कुरवंड्याला आला होता. त्याला निकाल हवा होता, आणि तोही आपल्या सोयीचा.

ट्रेनिंग कॉलेजातल्या एका मुलीशी महिपतीचं जमलं होतं. दोघंही विशी ओलांडलेली, मर्जीही दोघांची. आता तिला दिवस गेले होते आणि ती म्हणत होती, लग्न कर. महिपतीची पाचावर धारण बसली होती.

दुपारी पडवीत बसल्यावर त्यानं विषय काढला, तो एका मित्राचा म्हणून. असल्या गोष्टींत मित्र नेहमी सापडतोच.

"सरळ आहे," सोपान म्हणाला. "पुरुषाचं पाऊल घसरतं. पण जी लग्नाआधी हो म्हणाली, ती बायको म्हणून घरात कशी आणायची? तिचा भरवसा काय? तुझ्या मित्राला सांग, हात झटकून मोकळा हो."

महिपतीला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

सोपानची आई विठाबाई उंबऱ्याशी चवळीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सोपाना, तुझ्या बापाचं नि माझं लगीन कंच्या म्हैन्यात झालं, ठावं हाय का?"

"वैशाखात असंल."

"न्हाई. आषाढात."

आषाढात कोण लग्न लावतं? एकदा देव झोपले की मुहूर्त नसतो, आणि मावळात तर त्या दिवसांत अख्खा गाव गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत असतो. अशात कुणाच्या दारी मांडव पडला की गाव काय ते ओळखतं.

"तू पोटात व्हतास," विठाबाई म्हणाली. "सुपारी फुटली व्हती, पर लगीन तुळशीच्या लग्नामागं ठरल्यालं. तवर झाकता आलं नसतं. तुझा बाप घाबरला, लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर पळाला. तुझ्या आजीनं त्याला मानगूट धरून आणला. आषाढात कसं लगीन, म्हून कुणी इचारलं तर म्हणायची, आवणीला माणूस कमी पडत व्हतं. हळदीच्या अंगानं मी चिखलात उतरले. पर ती म्हातारी जित्ती व्हती तवर माझ्याकडं वाकडं बघायची कुणाची छाती झाली न्हाई."

सोपानचा चेहरा पांढराफटक पडला. मघाशी त्यानं निकाल दिला होता तो सख्ख्या आईचा. आता हा चिडणार, असं महिपतीला वाटलं. पण सोपान उठला, आईजवळ जाऊन बसला आणि सुपातल्या शेंगा सोलू लागला.

"आता तुझं सांग," विठाबाई महिपतीला म्हणाली.

"मावशी, माझा तो मित्र..."

"मित्र ऱ्हाऊ दे. पोरीचं नाव काय?"

इतका वेळ तो नुसता 'ती', 'ती' म्हणत होता. नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"शालू," तो म्हणाला. कधी न पाहिलेल्या पोरीसाठी ह्या बाईनं आयुष्यभर झाकलेलं लेकासमोर उघडं केलं होतं. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. हे उपकार कुठल्या जन्मी फेडायचे, हे त्याला कळेना.

"पाया मागनं पड. आधी जाऊन तिला घिऊन ये. भादव्यात लगीन म्हून लोक बोलतील, बोलू दे. तुझ्या घरनं कुणी न्हाई आलं, तर हळद मी लावीन."

सोपाननं हातातली शेंग खाली ठेवली. "आणि अंतरपाट मी धरीन," तो म्हणाला.