किल्ली मिस्त्रींच्या खिशात होती

माझ्या शेडमध्ये एक दार आहे, जाळीच्या दोन खिडक्या आहेत, डिझेलचे तीन कॅन, वाळूच्या दोन बादल्या, आग विझवण्याचे एक लाल नळकांडे, पान्यांचा एक संच (त्यातला तेरा नंबरचा पाना हरवलेला), एक लाकडी स्टूल, भिंतीत ठोकलेला एक खिळा आणि मी. वजनाने सर्वांत मोठा मीच, साडेआठशे किलो.

मित्रांनो, मी पंचवीस केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे आणि आता जुना झालो आहे. तीन सिलिंडर, एक पंखा, मिनिटाला पंधराशे फेरे. यंत्राला सुख-दुःख होते का, असे तुम्ही विचाराल. मला ठाऊक नाही. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्ट, एवढेच माझ्यात मोजता येते. म्हणून जे झाले ते मी तेवढ्याच शांतपणे सांगणार आहे.

कारखान्यात मला जोडले तेव्हा चाचणीच्या खोलीत माझ्यावर पूर्ण भार टाकून तासभर पळवले, वर दहा टक्के जादा भारही टाकून पाहिला. माझे फेरे उतरले नाहीत. मग मला ट्रकमधून एका छोट्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात आणले आणि काँक्रीटच्या ओट्यावर, रबराच्या पायांवर बसवले. वर ऑपरेशनची खोली होती आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या काचेच्या पेट्या होत्या. वीज गेली की त्या पेट्या थंड पडू लागतात. त्या थंड पडू नयेत, हेच माझे काम.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टर स्वतः येऊन मला थोपटून गेल्या. पुढे सवय झाली. मी सुरू झालो की वरून आवाज येई, "आली रे लाईट!" लाईट कुठून आली, हे कोणी विचारत नसे. मधली काही वर्षे तर माझ्याकडे कोणी फिरकलेही नाही. तेल काळे झाले, उंदरांनी वायरी कुरतडल्या. मग मिस्त्री आले.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, बोलके. स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते माझे आतले आवाज ऐकत. पंख्याचा पट्टा ताठ आहे की सैल, हे डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून पाहत. पट्टा बोटभर दबला तर ठीक, जास्त दबला तर सैल. हे करताना हात पट्ट्याच्या आणि पुलीच्या अगदी जवळ जातो. तेव्हा मी चुकून सुरू झालो तर काय होईल, हे त्यांना माहीत होते. म्हणून पट्ट्यावरची जाळी काढण्याआधी ते माझी किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकत, वरून खिसा थोपटत आणि म्हणत, "किल्ली खिशात, मशीन झोपेत." ते खरेच होते. किल्लीशिवाय मला कोणी उठवू शकत नव्हते.

मिस्त्रींचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. वीज गेली की त्यांना फोन जाई आणि मिस्त्री ताटावरून उठून सायकल हाणत येत. एकदा ते स्टुलावर बसून मलाच सांगत होते, "बायको म्हणते, ते मशीनच घेऊन या घरी, माझ्याशेजारी खाट टाकते त्याला."

यावर तोडगा त्यांच्या भाचीने काढला. ती मिस्त्रींच्या बहिणीची मुलगी. इंजिनिअर झाली होती आणि जनरेटर दुरून पाहण्याच्या व चालवण्याच्या पेट्या बसवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. मोठ्या डॉक्टरांना तिने पटवले आणि पाठीवरची पिशवी घेऊन ती माझ्या शेडमध्ये आली.

"मामा, सरक जरा. तुझा अंधार पडतोय."

"काडीइतका बारीक म्हणून मला मुली नाकारायच्या, आणि हिला माझा अंधार पडतो!"

तिने माझ्या टाकीत डिझेलची पातळी सांगणारा दांडा सोडला. तेलाच्या दाबाला, पाण्याच्या तापमानाला आणि बॅटरीला एकेक वायर जोडली. सगळ्या वायरी एका राखाडी पेटीत गेल्या. पेटीत मोबाइलसारखेच सिमकार्ड होते आणि शेडच्या पत्र्यावर चुंबकाने चिकटलेली बोटभर अँटेना. आता माझी मापे दर सेकंदाला हवेतून भाचीच्या, मिस्त्रींच्या आणि मोठ्या डॉक्टरांच्या फोनवर जाऊ लागली. उलट दिशेने, फोनवरून, मला आज्ञाही येऊ लागली: सुरू हो, बंद हो.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पूर्वी बॅटरीची वीज स्टार्टरपर्यंत नेणारी वाट एकच होती, किल्लीतून जाणारी. आता दुसरी वाट झाली, पेटीतून जाणारी. किल्ली काढली की पहिली वाट बंद होते. दुसरी उघडीच राहते. दोन्ही वाटा एकदम बंद करायला भाचीने माझ्या अंगावर एक मोठे लाल बटण बसवले.

"मामा, मशीनला हात लावायच्या आधी हे दाबायचं. मग कुणाच्याही फोनवरून ते सुरू होणार नाही. नुसत्या किल्लीवर जाऊ नकोस."

"दाबतो."

"नक्की?"

"तुझ्या आईचीच मुलगी आहेस. एक गोष्ट तीनदा वदवून घेते."

मिस्त्रींनी बटण दाबले, एकदा. फिल्टर बदलायचे होते तेव्हा. बटण दाबताच तिन्ही फोन एकदम कर्कश ओरडू लागले, कारण लाल बटण दाबले म्हणजे काहीतरी भयंकर घडले आहे, असे पेटीला सांगून ठेवलेले होते. मोठ्या डॉक्टर तपासत असलेल्या पेशंटला तसेच सोडून स्टेथोस्कोप हातात धरून धावत आल्या. शेडला लागूनच व्यायामाची खोली आहे. तिथे हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईही खिडकीत आल्या. सगळे त्यांना व्यायामवाल्या बाई म्हणतात.

"आग लागली का?" मोठ्या डॉक्टरांनी विचारले.

"नाही मॅडम. फिल्टर बदलतोय."

"अहो, जीव गेला असता माझा!"

त्यानंतर मिस्त्री दिसले की व्यायामवाल्या बाई विचारत, "काय मिस्त्री, आज कुणाला पळवताय?" मिस्त्री हसत. पण बारीकसारीक कामासाठी त्यांनी ते बटण पुन्हा दाबले नाही. किल्ली काढायची, खिशात टाकायची, खिसा थोपटायचा. हात इतक्या वर्षांत जे शिकला होता, तेच करत राहिला.

एरवी पेटीमुळे बरे दिवस आले होते. मिस्त्री आता पोटभर जेवत. वीज गेली की भाची किंवा ते स्वतः फोनवरून मला सुरू करत आणि काचेच्या पेट्या उबदार राहत. चहाच्या टपरीवर ते लोकांना फोन दाखवत, "हे बघा, मशीनला ताप किती आहे ते इथं दिसतं. बायकोचा कळत नाही एवढ्या पटकन."

मग एकदा बॅटरीचा आकडा उतरू लागला. बॅटरी भरणारा छोटा डायनामो त्याच पट्ट्यावर फिरतो; पट्टा सैल झाला की बॅटरी नीट भरत नाही. भाचीने ते स्वतःच्या ऑफिसात बसून पाहिले आणि मामांना कळवले, "पट्टा सैल असेल. उद्या जाशील तेव्हा बघ." मिस्त्रींना वाटले, उद्याचे काम आजच करून टाकावे, पोरीला बरे वाटेल. दुपारीच ते आले. फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला अडकवला, किल्ली खिशात टाकली, जाळी काढली.

त्याच दुपारी भाचीला आकडा आणखी उतरलेला दिसला. मामा उद्या जाणार, तोवर मशीन थोडा वेळ चालवून सैल पट्ट्यावर भरेल तेवढी बॅटरी भरून घ्यावी, असा तिने विचार केला. आधी तिने मामांना फोन केला. फोन खिळ्यावर वाजला. मिस्त्रींनी मान वळवून पडद्यावरचे नाव पाहिले.

"थांब गं बाई, हात तेलाचे आहेत. पट्टा झाला की करतो."

ती पुन्हा एकदा वाजवून पाहून थांबली. मिस्त्रींनी बोल्ट अर्धा आवळला आणि पट्टा किती ताठ झाला हे पाहायला डावा अंगठा त्यावर ठेवला. भाचीच्या पडद्यावर लिहिलेले होते: मशीन बंद, तयार. तिने सुरू करण्याची आज्ञा दिली.

मला आज्ञा मिळाली. मी सुरू झालो.

बोल्ट अर्धाच आवळलेला होता, म्हणून पट्टा पुलीवरून घसरला. घसरला नसता तर मनगटही आत गेले असते. मिस्त्री एकदाच ओरडले. व्यायामवाल्या बाई धावत आल्या आणि त्यांनी लाल बटण दाबले. तेवढ्या वेळात भाचीच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे होते. तेलाचा दाब योग्य, फेरे पंधराशे, व्होल्ट बरोबर. मग पडदा लाल झाला. वायर सैल झाली असेल असे वाटून तिने मामांना तिसरा फोन लावला. तो खिळ्यावर वाजत राहिला.

मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे गेली. मधले बोट वाचले, पण ते वाकेना. अंगठ्याची शीर शिवावी लागली. त्याच वरच्या खोलीत ऑपरेशन झाले. माझी जाळी लागलेली नव्हती, म्हणून त्या दिवशी मला पुन्हा कोणी सुरू केले नाही. वीज गेली नाही, हे बरे झाले.

भाची दोन दिवसांनी आली. रडली नाही. मिस्त्रीही हाताला मोठे बँडेज बांधून येऊन स्टुलावर बसले. ती वायरी सोडत होती, ते बघत होते.

"बोल की काहीतरी," मिस्त्री म्हणाले.

"काय बोलू?"

"शिव्या दे. मला दे, मशीनला दे."

"मी दोनदा फोन केला होता, मामा."

"माहितीये. बघितला होता मी."

ती पान्याने एक नट सोडवत राहिली. मग म्हणाली, "बटण का नाही दाबलंस?"

"सगळे पळत येतात गं. त्या बाई हसतात."

भाचीचा हात थांबला. तिने खिशातून फोन काढला, काही अक्षरे दाबली आणि तो परत ठेवला.

"काय केलंस?"

"आता बटण दाबलं तर कुणाचा फोन ओरडणार नाही. नुसतं लिहून येईल, काम चालू आहे."

"एवढ्यात झालं?"

"हो."

"मला वाटलं, ते तसंच असतं."

"मला सांगायचंस ना."

"तू एवढ्या हौसेनं बसवलेलं. त्यात खोट कुठं काढू?"

मग भाचीने बॅटरीजवळ एक मोठा खटका बसवला. तो बंद करून त्याला कुलूप घालता येते आणि कुलपाची किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची असते. जाळी उघडी असताना मी सुरूच होऊ नये, अशी एक कळ तिने जाळीलाही लावली. आणि फोनवरून आज्ञा आली की आता आधी भोंगा वाजतो. तो संपेपर्यंत मी सुरू होत नाही.

माझ्यासाठी दुसरा माणूस तात्पुरता नेमला. मिस्त्री मात्र रोज येत. व्यायामवाल्या बाई त्यांच्या हातात रबरी चेंडू देत आणि मिस्त्री माझ्याशेजारी बसून तो दाबत. व्यायामाच्या खोलीत बसायला नको म्हणत, तिथे सगळे हाताकडे बघतात.

"जोर लावा मिस्त्री, चेंडू आहे, अंडं नाही!"

"बाई, तुम्हीच लावा. पगार तुम्हाला मिळतो."

त्या आता पूर्वीसारख्या मोठ्याने हसत नव्हत्या. पण एका बाबतीत त्यांनी सूट दिली नाही. त्यांच्याकडे मुठीची पकड मोजण्याचे एक यंत्र होते. मुठीत धरून आवळले की काटा किलोत आकडा दाखवतो. त्यांनी मोठ्या डॉक्टरांसमोर सांगितले, "डाव्या हाताची पकड वीस किलो झाली तरच मशीनवर. त्याच्या खाली पाना निसटणार, आणि या वेळी उजवा हात जाईल. सहा महिन्यांनी जेवढी येईल तेवढीच राहते बहुधा."

मिस्त्री एवढेच म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही." मग ते चेंडू दाबू लागले.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, पाणी द्या, धूळ पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. तेही करा. पण यंत्रात हात घालण्याआधी ते किती वाटांनी सुरू होऊ शकते, हे शोधा आणि प्रत्येक वाट बंद करा. जुनी सवय नव्या वाटेला ओळखत नाही. आणि सुरक्षेसाठी बसवलेली एखादी गोष्ट तुम्हाला अडचणीची वाटली, तर गप्प राहू नका. ज्याने ती बसवली त्याला जाऊन सांगा. त्याला राग येईल, असे समजू नका. तुम्ही ती बसवणारे असाल, तर आठवड्याने परत जाऊन विचारा.

सहा महिने झाले त्या सकाळी व्यायामवाल्या बाई यंत्र घेऊन शेडमध्येच आल्या. भाची रजा काढून आली होती. मिस्त्री स्टुलावर ताठ बसले, कोपर अंगाला चिकटवले. प्रत्येक हाताने तीनदा आवळायचे आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा, असा नियम आहे. आधी उजवा झाला, मग डावा. तिसऱ्या वेळी मिस्त्रींच्या मानेच्या शिरा वर आल्या. बाईंनी यंत्र उजेडाकडे वळवून काटा दोनदा वाचला.

उजवा हात, एकेचाळीस किलो. डावा हात, सतरा किलो.