गव्हर्नरसाहेबांचं मेंढरू

सुमित्राबाई नळापुढं बसल्या त्या बसल्याच. पालथ्या बादलीवर ऐसपैस बसून, नळाची चावी मुठीत धरून म्हणाल्या, "माझी निम्मी वांगी वाळली. आता कुणालाच पानी न्हाई!"

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या कडेला चर्चनं भाजीपाल्याला वाटून दिलेलं ते रान. वाफे बारा, नळ एक. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पावसानं अशी दडी मारली की मातीला भेगा पडल्या आणि पाणी सकाळी दोनच तास सोडायचं ठरलं. पाळ्या लावायला नझरगुल साहेबांना नेमलं. माणूस अफगाणिस्तानात एका अख्ख्या प्रांताचा गव्हर्नर होता, त्याला बारा वाफे काय जड?

साहेबांनी आपल्या मुलखाची रीत लावली. पाण्याच्या तोंडाशी जो, त्याचा पहिला मान. सुमित्राबाईंचा वाफा पार शेवटी. सांगलीकडच्या या बाईनं उभा जन्म कॅनॉलवर शेजपाळी, म्हणजे पाण्याची ठरलेली पाळी, राखलेली, आणि तिथं पाणी टेलाकडून, पार शेवटच्या रानापासून, वर येतं. लेकाकडं येताना पदराच्या गाठीत बांधून आणलेलं वांग्याचं बी डोळ्यांदेखत मरत होतं. बाईचा जीव तुटत होता. मग पाच वाफेवाले तिच्या मागं उभे राहिले आणि बंड पेटलं.

"उठिए! हुकूम है!" साहेब सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत गरजले.

"हुकूम तुमच्या गावात चालवा!"

साहेबांचा चेहरा उतरला. "वहाँ भी नहीं चला," एवढंच म्हणून ते निघून गेले. बाईंना उगीच चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात साहेब, डोक्यावर पागोटं, हातात दावं आणि दाव्याला जिवंत मेंढरू!

"हमारी रीत है," साहेब मान खाली घालून म्हणाले. "जिसकी गलती, वो दुंबा लेकर आता है. इधर ही काटते हैं. फिर सामनेवाला दरवाज़ा बंद नहीं करता."

"आई, आत घेऊ नकोस!" गिरीश, त्यांचा लेक, ओरडला. "लीझमध्ये मांजरसुद्धा अलाउड नाही!"

"गप रं. दारात आल्याला कुणी कापतं व्हय?" बाईंनी दावं हातात घेतलं. "या, च्या घ्या. उद्यापास्नं पानी टेलाकडनं."

झालं, तंटा मिटला. मेंढरू बाईंचं झालं आणि लीझला भिऊन त्यांनी ते रानात बांधलं. सकाळी बघतात तर दावं तुटलेलं, वांगी जागच्या जागी आणि साहेबांचा गंदना, कांद्याच्या पातीसारखी त्यांची लाडकी भाजी, मुळासकट फस्त! बाईंनी कपाळावर हात मारला. हसावं की रडावं?

"फोन करून सॉरी म्हण ना," गिरीश म्हणाला.

"फोनावर कुठं माफी मागत्यात?"

बाई इरकली नेसल्या. मेंढराला कुंकू लावलं आणि ओढत, ढकलत, शिव्या घालत साहेबांच्या घराचे तीन जिने चढवलं. शेजारच्या गोऱ्या बाया दारं किलकिली करून बघत राहिल्या.

साहेबांनी दार उघडलं. समोर बाई, मळवट भरलेलं मेंढरू आणि त्याच्या तोंडात गंदन्याची शेवटची काडी. साहेब असे हसले की पागोटं सुटून खांद्यावर आलं. हसता हसता डोळे भरले.

"बहन, वहाँ भी मेरे हुकूम पर बगावत हुई, तो आठ दिन मैं दरवाज़े के पीछे बैठा रहा," ते म्हणाले. "ना मैं दुंबा लेकर गया, ना कोई आया."

"मग आता आलोय न्हवं आमी? का जिन्यातच हुबं ऱ्हाऊ?"

साहेबांनी दार सताड उघडलं. आधी मेंढरू आत गेलं.